हिटर बंदच होत नाही, पाणी ३३ अंशांवर

प्रश्न (म्हापसा): ६० लिटरची माशांची टाकी, १०० वॅटचा हिटर. काटा २६ वर, पाणी मात्र ३३. मासे वर येऊन तोंड उघडमीट करतायत. काय करू?

उत्तर (फोंडा): आधी प्लग काढा. हिटर पाण्यातच १५ मिनिटं निवू दे, तापलेली काच बाहेर काढली की तडकते. एअर पंप पूर्ण जोरात चालू ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. बर्फ ओतू नका, तासाला एक-दोन अंश उतरले तरी पुरे. दोष बहुतेक थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमानानुसार हिटर चालू-बंद करणाऱ्या भागाचा: ठिणग्या उडून त्यातल्या धातूच्या पट्टीचे पॉइंट चिकटतात, मग हिटर चालूच राहतो. दुरुस्तीच्या नादी लागू नका, फेकून द्या.

उत्तर (मडगाव): गोव्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सोडल्या तर हिटर हवाच कशाला? लावायचाच तर ५० वॅटचा घ्या. अडकला तरी पाणी एवढं तापणार नाही. सोबत वेगळा तापमान कंट्रोलर, त्याचा सेन्सर हिटरपासून लांब.

उत्तर (फोंडा): आणि वायरला सॉकेटखाली झोल ठेवा, थेंब तिथूनच गळतात, सॉकेटमध्ये जात नाहीत. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. टाकीत हात घालण्याआधी स्विच नव्हे, प्लगच काढायचा.