मदत हवी आहे: बिडाच्या तव्याचा थर सुटतोय

नमस्कार मंडळी. बिडाच्या तव्याला साबण लावायचा नाही, हे आपण सगळेच ऐकत आलोय. मला मात्र हा नियम आता पटेनासा झालाय. तव्यावरचा काळा थर म्हणजे नुसतं तेल नव्हे; तेल तापून लोखंडाला घट्ट धरलेलं कडक आवरण असतं ते. जुन्या साबणात कॉस्टिक सोडा उरायचा, तो हा थर खायचा. हल्लीच्या सौम्य लिक्विडात तो नसतो. मग दोन थेंबांनी धुवून, लगेच कोरडा करून, गरम तव्यावर तेलाचा पुसट हात फिरवला तर बिघडतं कुठे? खवट वासापेक्षा हे केव्हाही बरं. भिजत ठेवणं मात्र मीही टाळते, गंज धरतोच.

खरी अडचण वेगळी आहे. जवसाच्या तेलाचा थर छान कडक बसला होता, पण आता कडेने पापुद्रे सुटताहेत. सगळा उतरवून नव्याने सुरुवात करू, की सुटलेला भाग तारेच्या घासणीने घासून त्यावरच पातळ थर चढवत जाऊ? आणि तेल कोणतं वापरू? ओव्हनमध्ये २३० अंशांवर तासभर ठेवता येईल. दोन्ही करून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.