मदत हवी आहे : मजुरीचा प्रोग्रॅम सारखा लॉक व्हायलाय, साधाच ठेवू की पक्का करू?

ताणाबाणा : मंडळी, तातडीचं आहे. मामांच्या टॉवेलच्या कारखान्यासाठी (अक्कलकोट रोड एमआयडीसी) पायथॉनमध्ये मजुरीचा प्रोग्रॅम लिहिलाय. डेटा एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे अख्खा डेटाबेस एकाच फाइलीत. आठ महिने झकास चालला, दिवाळीपासून रोज 'डेटाबेस इज लॉक्ड' यायलंय. पुण्यातला मित्र म्हणतो मायक्रोसर्व्हिसेस कर (प्रोग्रॅमचे छोटे स्वतंत्र तुकडे), मध्ये काफ्का टाक (त्यांच्यात निरोप पोचवणारी मोठी यंत्रणा), एकदाच काय ते पक्कं काम. मामा म्हणतात, वही काय वाईट होती? शनिवारी मजुरी वाटायचीय, आज गुरुवार. साधं की मजबूत, एवढंच सांगा.

कडकभाकरी : एवढंच सांगा म्हणता, पण तुम्ही तरी काय सांगितलंत? माग किती? कामगार किती? एंट्री किती जण करतात?

ताणाबाणा : चोवीस माग, तीस-बत्तीस माणसं. त्याचा एररशी काय संबंध?

कडकभाकरी : बत्तीस माणसांच्या मजुरीला काफ्का! मित्राला नवीन नोकरी शोधायची असेल, बायोडेटात लिहायला बरं.

ढगवाला : वाद कशाला? सरळ क्लाउडवर टाका. आमच्या क्लायंटचं सगळं तिकडंच आहे, डोक्याला ताप नाही.

जुळे_सोलापूरकर : आणि नेट गेलं की मजुरी थांबवायची का? इथं उजनी भरलेली असताना नळाला काही दिवसांआड पाणी, आणि हे नेटवर विसंबणार.

ढगवाला : पाण्याचा इथं काय संबंध?

जुना_जॉबर : मजबूत म्हणजे मोठं, असं कुणी सांगितलं? मागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. नाही थांबला तर कापडात पट्टा पडतो आणि माल रिजेक्ट. तुमच्या प्रोग्रॅमला मीटरच्या जागी कुणी ४० ऐवजी ४०० टाकले तर तो थांबतो का? आधी ते बघा.

ताणाबाणा : थांबत नाही. पण काका, माझा प्रश्न लॉकचा आहे.

मोडीवाचक : मजुरीची चिठ्ठी मराठीत छापायची असेल तर जुने फॉन्ट वापरू नका, युनिकोडच घ्या. आमच्याकडं सगळे रफार उडाले होते.

बीमवाला : एसक्यूलाइटचा वॉल (WAL) मोड चालू करा, बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहितो. एक ओळ. माझं तेवढ्यानं भागलं.

कडकभाकरी : थांबा. दिवाळीत नेमकं बदललं काय?

ताणाबाणा : काही नाही. दुसरा कॉम्प्युटर घेतला फक्त. फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये आहे, दोन्हीकडून उघडते.

कडकभाकरी : हे पहिल्या ओळीत लिहायचं हो! नेटवर्कवरच्या फाइलचं लॉकिंग भरवशाचं नसतं, एसक्यूलाइटवालेच तसं सांगतात. आणि बीमवाले, वॉल मोडला सगळे प्रोग्रॅम एकाच मशीनवर लागतात. इथं तो चालायचाच नाही. उद्या लॉकवर न थांबता फाइलच खराब व्हायची.

बीमवाला : माझं एकाच पीसीवर होतं, खरं आहे. मग पोस्टग्रेस घ्या, वेगळा डेटाबेस सर्व्हर.

कडकभाकरी : घ्या की, पण त्याची देखभाल कोण करणार, मामा? फाइल एकाच पीसीवर ठेवा, तिथंच फ्लास्कमध्ये (पायथॉनची वेब लायब्ररी) छोटा सर्व्हर चालवा, दुसऱ्यानं ब्राउझरमधून एंट्री करावी. आणि कमिट, म्हणजे एंट्री डेटाबेसमध्ये पक्की, कुठं करता?

ताणाबाणा : फॉर्म बंद करताना.

कडकभाकरी : म्हणजे पहिली एंट्री टाकून क्लार्क चहाला गेला की लॉक त्याच्या खिशात. दुसऱ्याकडं पायथॉन ५ सेकंद वाट बघतं आणि एरर फेकतं. प्रत्येक एंट्रीला कमिट करा, शनिवार निघेल. फ्लास्क रविवारी.

ढगवाला : क्लाउडवर हा प्रश्नच आला नसता.

जुळे_सोलापूरकर : फॉर्म उघडा ठेवून चहाला गेलं की तिथंही तेच.

ताणाबाणा : कमिट बदलला. सकाळपासून एकदाही लॉक नाही. ४०० मीटरवालं पण अडवलं. काका, मागच्या महिन्याची अशी एक एंट्री सापडली, मामांना अजून सांगितलं नाही.

जुना_जॉबर : आधी सांगा. बॅकअप कुठं घेता?

ताणाबाणा : त्याच शेअर्ड फोल्डरमध्ये.