मुक्कामाच्या खोलीतला टीव्ही नक्की कोणासाठी लावलेला असतो?

माजघर
घरात नव्याने वायरिंग सुरू आहे. "टीव्हीचा पॉइंट कुठे काढू?" असे वायरमनने विचारले आणि मला दापोलीजवळच्या हर्णैची एक खोली आठवली. तिथे टीव्ही पलंगाच्या उशाकडच्या भिंतीवर, बरोबर डोक्याच्या वर लावलेला होता, त्यामुळे तो पाहायचा तर उशी पायथ्याशी नेऊन उलटे झोपावे लागे. तसे झोपले की डोके उत्तरेला येते, म्हणून सासूबाईंनी साफ नकार दिला आणि दोन्ही रात्री त्या खुर्ची उलटी फिरवून, पलंगाच्या कठड्यावर पाय टेकवून मालिका पाहत बसल्या. मालक काकांचे म्हणणे असे की पलंग पूर्वी समोरच्या भिंतीला होता. पण तिथे एसीचा झोत थेट तोंडावर येतो अशी पाहुण्यांची तक्रार असल्यामुळे तो फिरवला, मात्र भिंतीतला पॉइंट काही फिरवता आला नाही. तुमच्याही वाट्याला असे टीव्ही आले असतील, तर अवश्य लिहावे.

खारीबिस्कीट
२ एप्रिल २०११, विश्वचषकाचा अंतिम सामना, मुक्काम गुहागर. खोल्यांमध्ये टीव्ही नव्हता. जेवणघरात होता, पण स्वयंपाकघराच्या दाराला लागून. दार बाहेर उघडत असल्यामुळे वहिनी सोलकढी घेऊन आल्या की पडदा पूर्ण झाकला जाई. मलिंगाच्या दुसऱ्याच चेंडूवर सेहवाग बाद झाला, तो क्षण आम्ही दाराच्या फळीवर पाहिला. गंभीर नव्वदीत पोहोचल्यावर एका आजोबांनी दाराला पाट लावून ते बंद केले आणि धोनीचा षटकार होईपर्यंत कोणालाही भाताची वाढ मिळाली नाही.

पाचपेच
टीव्ही इतक्या उंचावर का असतात, याचे कारण जुने आहे. काचेच्या नळीचा एकवीस इंची संच वीस किलोंच्या पुढे भरायचा, खाली ठेवला तर जागा अडायची आणि मुलांचा हात लागायचा, म्हणून लॉजवाल्यांनी छताजवळ लोखंडी अँगल ठोकून त्यावर तो चढवला. पुढे सपाट टीव्ही आले, तेव्हा वायर आणि पॉइंट तिथेच असल्यामुळे नवा संचही त्याच उंचीवर गेला. स्वस्त एलसीडी पडदा खालून पाहिला की काळपट दिसतो, त्यातील माणसांचे चेहरे निगेटिव्हसारखे होतात. खाली झुकणारा ब्रॅकेट लावला तर निम्मा त्रास वाचतो, पण मालक भिंतीला चिकटणारा घेतात, कारण तो स्वस्त पडतो. माजघर, तुम्ही दोन भिंतींवर पॉइंट काढून ठेवा आणि पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर येईल असे पाहा.

ओलीसुकी
हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असताना टीव्ही हवा कशाला? त्या काकांकडे जेवणाची सोय आहे का, तेवढे कळवा.

माजघर
सोय आहे आणि सुरमई उत्तम मिळते. लिलाव पाहूनच आलो होतो, पण सासूबाईंची मालिका साडेआठची!

धुकटवाट
आम्ही स्कॉटलंडमध्ये राहतो. सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या इथल्या जुन्या दगडी घरांत टीव्ही हमखास शेकोटीच्या वर असतो, कारण बसण्याची सगळी मांडणी शेकोटीभोवती केलेली असते. आम्ही उतरलो त्या घरात शेकोटी पेटवल्यावर टीव्ही बंद ठेवावा, अशी सूचना चिकटवलेली होती. बाहेर पाऊस आणि आत थंडी, त्यामुळे ऊब की बातम्या यावर रोज मतदान होई, आणि भारतातून आलेले आईबाबा नेहमी उबेच्या बाजूने मत देत.

चिमटा
महाबळेश्वरला टीव्ही भिंतीवर योग्य जागी होता, परंतु सेटटॉप बॉक्स खालच्या लाकडी कपाटात कुलूपबंद. रिमोटचे किरण लाकडातून जात नाहीत, म्हणून चॅनल बदलायचे झाले की काउंटरवरच्या मुलाला किल्ली घेऊन बोलवावे लागे. दुसऱ्या दिवशी त्यानेच दाराच्या फटीत घडी घातलेला पुठ्ठा अडकवून दिला. "सगळे असेच करतात" म्हणाला.

खारीबिस्कीट
मग कुलूप कशासाठी?

चिमटा
पूर्वी एका पाहुण्याने बॉक्सच नेला होता म्हणे.

पाणकणीस
अलप्पुळाच्या हाउसबोटीत आमच्या खोलीला एकच मोठी खिडकी होती आणि टीव्ही नेमका तिच्यावर, अर्धा कायल (तिथले बॅकवॉटर) झाकून बसवलेला होता. बाहेर वेंबनाड सरोवर आणि आमच्या वाट्याला काळी चौकट, म्हणून मी बोटीवरच्या आचाऱ्याला जरा चिडूनच विचारले. त्याने शांतपणे सांगितले की वरची काच तडकलेली आहे, पावसाळ्यात तिथून पाणी पलंगावर येत असे, आणि टीव्ही लावल्यापासून ते टीव्हीवर येते.