मध्ययुगीन लॅटिन कविता तुम्हाला कुठे भेटली?

पाऊसवेडी: काल लेक कसल्याशा गेमचा ट्रेलर बघत होता, मागे धडाडधूम 'ओ फोर्तुना' हे लॅटिन गाणं! म्युनिकमधला आमचा हौशी कॉयर (गायकवृंद) आठवला. चाल जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फची, १९३७ ची. शब्द मात्र तेराव्या शतकातल्या हस्तलिखितातले. ते १८०३ मध्ये बव्हेरियातल्या बेनेडिक्टबॉयर्न मठात सापडलं. आत काय, तर दारू, जुगार, प्रेम नि धर्मगुरूंची टिंगल 😄 आमची भांडणं उच्चारावरून. गाण्यातल्या 'crescis' या एकाच शब्दाला जर्मन म्हणणार 'क्रेस्त्सिस', इटालियन वळणाचे 'क्रेशिस'. तुमचेही अनुभव येऊ द्या.

वसईकर_जो: आजीला चर्चमधलं 'तान्तुम एर्गो' तोंडपाठ. अर्थ विचारला की म्हणायची, देवाला कळतो ना! मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसच्या स्तोत्राची शेवटची दोन कडवी ती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) चर्चमध्ये मराठी आली, आजी लॅटिनच गुणगुणत राहिली.

मधलीसून: जो, आजी भारीच 🙏

लघुगुरू: संस्कृतवाल्यांनो, प्राचीन रोमन कवी व्हर्जिलचं वृत्त आपल्यासारखंच लघु-गुरूवर चालतं. पुढे लॅटिन बोलण्यातला ऱ्हस्व-दीर्घ भेद पुसट झाला. जुनी वृत्तं लिहिणारे होतेच, पण अक्षरसंख्या, आघात नि यमक यांवरची नवी कविता जोरात आली. बाराव्या शतकातला 'आर्चपोएट' बघा (खरं नाव कुणालाच माहीत नाही, आश्रयदाता कोलोनचा आर्चबिशप!):
मेउम एस्त प्रोपोसितुम / इन ताबेर्ना मोरी
सात अधिक सहा अक्षरं. म्हणजे, मरेन तर गुत्त्यातच. गणवृत्तातून ओवीत आल्यासारखं मोकळं वाटतं मला. एमएला असताना हे हॉस्टेलच्या दारावर लिहिलेलं, रेक्टरना लॅटिन येत नव्हतं म्हणून वाचलो.

मधलीसून: 🤣🤣 आमच्या ह्यांना दाखवते

तंबोरा: कुकर लावलाय, पटकन लिहिते. पियानोच्या क्लासात बाईंनी 'उत क्वेआंत लाक्सिस' गाऊन दाखवलं होतं. बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाला उद्देशून असलेलं लॅटिन स्तोत्र. पहिल्या सहा चरणांतला प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एक सूर वर सुरू होतो. अकराव्या शतकात ग्विदो द'आरेझ्झो या संगीतशिक्षकाने सुरांच्या नावांसाठी त्यांचीच पहिली अक्षरं घेतली: उत, रे, मी, फा, सोल, ला. उतचं 'दो' फार नंतर झालं. शिट्टी झाली, पळते.

पाऊसवेडी: लघुगुरू, त्या हॉस्टेलवर वेगळा धागा काढा!

मधलीसून: जो, वसईची सुकेळी मिळतात का हो अजून?

वसईकर_जो: मिळतात की, पण महाग झालीत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.