उत्तर: चोखोबा ते ढसाळ, मधलं काय?

दलित कवितेवरच्या या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, ‘चोखोबांच्या अभंगात नुसतं गाऱ्हाणं आहे, खरा संताप १९७२ च्या ‘गोलपिठा’त आला’. चोखोबा म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातीतले संत चोखामेळा, आणि ‘गोलपिठा’ हा नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह. हे म्हणणं मला अर्धंच पटलं. ढसाळांसारखी शिवी चोखोबांकडे नाही, कबूल. पण ‘हीन याती माझी देवा, कैसी घडे तुझी सेवा’ हे मला तरी नुसतं रडणं वाटत नाही. तो देवालाच विचारलेला प्रश्न आहे, आणि देव गप्प आहे.

दुसरं म्हणजे तुम्ही सगळे छापील कवितेवरच बोलताय. आमच्या नागपुरात दसऱ्याला दीक्षाभूमीवर, म्हणजे बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या जागी, या म्हणजे मधला धागा सापडेल. मागं एकदा रात्री मित्राच्या पुस्तकांच्या स्टॉलवर बसलो होतो. शेजारी ताडपत्रीवर यवतमाळकडच्या पाच-सहा बाया, डब्यातली भाकर संपवून, टाळ्यांवर आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी म्हणत होत्या. चोखोबांचा एकटा ‘मी’ तिथं ‘आम्ही’ झाला होता. आणि गंमत म्हणजे अन्यायाचं कडवं आलं की आवाज पडायच्या ऐवजी चढायचा. एक म्हातारी तर मधेच हसून म्हणाली, ‘जोरात म्हण नं बाई, आता कोन अडवते!’ स्टॉलवर ‘गोलपिठा’ही होताच.