मदत हवी आहे: पेसमेकर असूनही नाडी 44, तपासणी जवळपास कुठे?

मंडळी, पेशंट 58 वर्षांचे शेतकरी, झरी जामणी तालुका. अडीच महिन्यांपूर्वी ओपन हार्ट करून महाधमनीची झडप बदलली. ठोक्यांचा विद्युतमार्ग त्या झडपेला अगदी खेटून जातो. त्याला इजा होऊन पूर्ण हार्ट ब्लॉक झाला, म्हणजे वरच्या कप्प्यांचा संकेत खालच्या कप्प्यांपर्यंत पोचेना. आठवडाभर तात्पुरत्या तारांवर ठेवलं, मग दोन तारांचा कायमचा पेसमेकर बसवला. किमान गती 60.

आता मनगटावर नाडी 44, ऑक्सिमीटरही तेच दाखवतो. चक्कर नाही, बीपी ठीक. छातीवर स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिट मोजलं तर 70 भरले. म्हणजे मधले जादा ठोके मनगटापर्यंत पोचत नसावेत. पण खात्री नाही, कारण पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) ईसीजीत स्पाइकच, म्हणजे पेसमेकरच्या झटक्याची उभी रेघच, दिसला नाही. मशीनचा फिल्टर 40 हर्ट्झवर होता! बायपोलर तारेचा (दोन्ही ध्रुव तारेच्या टोकाशीच असलेल्या) स्पाइक मुळात बारीक, तो त्यात गाळला जातो. उद्या सकाळी फिल्टर 150 वर नेऊन लीड 2 ची (ईसीजीतल्या एका जोडणीची) लांब पट्टी काढतो. स्पाइकमागे क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची खूण) नसला किंवा चक्कर आली, तर थेट नागपूर. मग इथं विचारत बसणार नाही.

प्रश्न असा: प्रोग्रामर, म्हणजे पेसमेकर तपासायचं यंत्र, ज्या त्या कंपनीचा वेगळा असतो. वणी, पांढरकवडा किंवा यवतमाळला कंपनीचा माणूस प्रोग्रामर घेऊन येतो का, कोणत्या वारी? थ्रेशोल्ड (ठोका पडायला लागणारा किमान झटका), सेन्सिंग (हृदयाचे स्वतःचे ठोके ओळखणं), तारेचा रोध आणि जादा ठोक्यांची नोंद, एवढं पाहायचं आहे. पेसमेकरचं कार्ड पेशंटजवळ आहे, मॉडेल नंबर लगेच देता येईल.

आणखी एक, त्यांच्या घरी वेल्डिंगचं दुकान आहे. वेल्डिंग यंत्रापासून 60 सेंटीमीटर अंतर पुरे, की दुकानात जाणंच बंद करायला सांगावं?