सेन्सरच्या हिशेबात सर्व्हरची वीज धरावी का?

ऐरोलीकर : आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाक्यांना पातळी दाखवणारे सेन्सर बसवण्याचा प्रस्ताव असून, पुरवठादाराच्या पत्रकात वीजवापर नगण्य असल्याचा दावा आहे. सेन्सरपुरता तो खरा आहे. ३.६ व्होल्ट, २.४ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीत जेमतेम साडेआठ वॉट-तास ऊर्जा असते आणि सेन्सर बहुतेक वेळ निद्रावस्थेत असल्याने ती काही वर्षे पुरू शकते. मात्र त्याची माहिती पुढे पाठवणारा आठ वॉटचा गेटवे तेवढी वीज साधारण तासाभरातच संपवतो. पुढे मोबाइल टॉवर आणि ही माहिती साठवणारे सर्व्हर असलेली, नवी मुंबईतल्या महापे-रबाळ्यातली डेटा सेंटर आहेतच. ही सगळी साखळी मोजल्याशिवाय असा दावा मान्य करू नये.

घणसोलीतून : मोजणीला विरोध नाही, पद्धतीला आहे. नेटवर्कच्या एकूण विजेला एकूण डेटाने भागून आपला वाटा काढणे फसवे आहे, कारण टॉवर आणि राउटर यांची बरीचशी वीज रहदारी असो वा नसो खर्च होतच राहते. शिवाय पाच अश्वशक्तीचा पंप टाकी भरल्यावरही दहा मिनिटे चालू राहिला, तर सुमारे ०.६ युनिट वाया जाते. तुमचा गेटवे दिवसभरात ०.२ युनिटही घेत नाही.

ऐरोलीकर : टॉवरचे मान्य, पण गेटवे केवळ आपल्यासाठी चोवीस तास चालणार असल्याने तो पूर्णपणे आपल्याच खाती पडतो. आणि भरलेल्या टाकीवर पंप बंद करण्याचे काम साधा फ्लोट स्विच इंटरनेटशिवाय वर्षानुवर्षे करत आला आहे, त्यामुळे ती बचत सेन्सरच्या नावावर जमा करता येत नाही.

रबाळे, डेटा सेंटर देखभाल : पुरवठादार बहुधा पीयूई, म्हणजे डेटा सेंटरच्या वीज-कार्यक्षमतेचा आकडा, पुढे करील, म्हणून सांगतो. केंद्राची एकूण वीज भागिले सर्व्हरादी यंत्रांची वीज, एवढाच तो आकडा आहे. सर्व्हर उपयोगी काम करतात की रिकामे फिरतात, हे त्यातून कळत नाही. उलट रिकामे सर्व्हर बंद केले आणि वातानुकूलन त्या प्रमाणात घटले नाही, तर वीज वाचूनही पीयूई बिघडतो.

घणसोलीतून : फ्लोट स्विचचा मुद्दा बिनतोड आहे. पण मध्यरात्री कोणी पाणी वापरत नसताना पातळी उतरत असेल, तर गळती त्याला दिसत नाही, सेन्सरला दिसते. तेवढ्यासाठी दर मिनिटाला नोंद कशाला, तासाला एक पुरे. सर्व विंगांना मिळून एकच गेटवे घ्या आणि खरेदीपूर्वी तो प्लगला लावायच्या वॉटमीटरवर आठवडाभर चालवून पाहा.